या चुका टाळा: चहाबरोबरची लाल गोळी, ‘पित्ताची’ डोकेदुखी आणि सासरी राहिलेली फाईल

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही गरोदर बाईला विचारा, ‘गोळ्या घेतेस का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो’च येतं. पुढचा प्रश्न विचारा, ‘कशाबरोबर?’ ‘चहाबरोबर.’ घोळ इथंच आहे.

गोळी नाही असं घर आता क्वचित सापडतं. आशाताई आणून देते, उपकेंद्रात फुकट मिळते. ती कधी घेतली, कशाबरोबर घेतली आणि किती दिवस घेतली हे मात्र कुणी विचारत नाही. गरोदरपणातल्या बऱ्याच चुका याच जातीच्या असतात. वस्तू घरात असते, वापर चुकतो. म्हणून काय काय खावं याची यादी इथं देत नाही. ती प्रत्येक सासूला पाठ असते आणि बहुतेक वेळा बरोबरही असते.

चहा, कॅल्शियम आणि लाल गोळी

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पहिले तीन महिने नुसतं फॉलिक ॲसिड आणि चौथ्या महिन्यापासून ही गोळी रोज एक, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हा दुसरा हप्ता जवळपास सगळ्याजणी विसरतात.

चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं, अंगी लागू देत नाही. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेच करतात. आता घरातली सकाळ बघा. चूल-गॅस, डबे, पोरांची शाळा. त्या गडबडीत सूनबाई चहाचा कप तोंडाला लावते, त्याच घोटाबरोबर लाल गोळी आणि ‘एकदाच उरकून टाकू’ म्हणून कॅल्शियमही. तिन्ही एकत्र पोटात. दोन महिन्यांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन होतं तिथंच, आणि घरात चर्चा सुरू, ‘सरकारी गोळीत काय दम नसतो.’

साधं वेळापत्रक असं ठेवा. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर. लाल गोळी रात्री झोपताना, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर आपोआप पडतं, चहा मध्ये येत नाही आणि मळमळ होणार असली तरी झोपेत निभावते.

गोळी सुटते कशामुळे, तेही बघू. पहिलं कारण काळी शी. गोळीतलं जे लोह अंगात जात नाही ते बाहेर पडतं, म्हणून रंग काळा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसरं, पोट साफ होत नाही. पाणी वाढवा, पालेभाजी आणि पेरू खा, आणि तासगावचे बेदाणे रात्री भिजत घालून सकाळी पाण्यासकट घ्या. बेदाण्याचा खरा उपयोग हा. ‘बेदाणं खाल्लं की रक्त वाढतं, गोळी कशाला’ हा आमच्या द्राक्षपट्ट्यातला लाडका समज आहे, पण शंभर ग्रॅम बेदाण्यात लोह काही मिलिग्रॅमच असतं. बिटाचंही तसंच. ते लाल दिसतं, एवढ्यानं त्याचं रक्त होत नाही.

तिसरं कारण कुणी उघड सांगत नाही. आशाताई गोळ्या मोजायला बसते तेव्हा फडताळात साड्यांच्या घडीखाली न फोडलेल्या पट्ट्या निघतात. सून गप्प. मग सासूच बोलते, ‘गोळीनं पोरगं काळं हुतंय म्हणत्यात, आन् लई मोठं बी हुतंय. अडाकलं म्हंजे?’ अशा वेळी भाषण देऊ नये. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, आणि रक्त कमी असलेल्या आईला बाळंतपणात थोडासा रक्तस्रावही झेपत नाही, एवढं सासूला समोर बसवून, मावशी म्हणून, शांतपणे सांगावं. गोळी सुरू ठेवायची का बंद करायची हे घरात तीच ठरवते. तिला बाजूला ठेवून सुनेला समजावणं फुकट जातं.

आकडे लक्षात ठेवा. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय. ७ ते १०.९ असेल तर डॉक्टर साधारणपणे रोज दोन गोळ्या देतात. नीट घेऊनही महिन्याभरात एकानं वाढलं नाही तर आणखी महिना वाट बघत बसू नका. जंत, बी-१२ ची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) वाहक असणं, यातलं काही आहे का ते तपासावं लागतं, किंवा शिरेतून लोह द्यावं लागतं. ७ च्या खाली असेल तर थेट मोठं रुग्णालय. तिथं बीट-खजुराचा प्रयोग नको.

मिश्री

यावर घरात कुणी बोलत नाही, कारण आजी लावते, सासू लावते, शेजारीण लावते. ‘सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हेही ठरलेलं. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी पोचतं आणि बाळ कमी वजनाचं होतं. डॉक्टर ‘तंबाखू खाता का?’ विचारतात तेव्हा बाई ‘नाही’ म्हणते आणि ती खोटं बोलत नसते, कारण मिश्रीला ती तंबाखू धरतच नाही. प्रश्नच ‘मिश्री लावता का?’ असा हवा. एकटीनं सोडायला जड जातं. घरातल्या दोघी-तिघींनी मिळून बंद केली तर जमतं.

‘पित्त झालंय’

माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक ही. आपल्याकडे डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, छातीखाली दुखलं की पित्त. एरवी चालून जातं. पण पाच महिन्यांनंतर जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडावर-हातावर अचानक सूज, ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. आलं-लिंबू, पित्ताची पुडी, नाहीतर मेडिकलमधून आणलेली डोकेदुखीची गोळी घेऊन झोपायचं आणि पहाटे झटके येऊनच उठायचं, असं होतं.

पायाला थोडी सूज बऱ्याचजणींना येते, तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. पण वर सांगितलेलं काहीही एक असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रक्तदाब मोजून घ्या आणि लघवीतलं प्रथिन तपासा. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला तर घरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करा. वेदनाशामक गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतात. आणि ती कंटाळा येणारी कॅल्शियमची गोळी, तिचं एक मोठं काम म्हणजे या रक्तदाबाच्या आजाराचा धोका कमी करणं.

अंगावरून रक्त जाणं, पाणमोट फुटणं, सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी वाटणं, यालाही ‘उद्या बघू’ चालत नाही.

माहेर, फाईल आणि पूर

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरते, पिशव्या भरतात आणि फाईल सासरच्या कपाटात राहते. जतची सून पलूसला माहेरी येते, ऐनवेळी रक्तगट कुणाला माहीत नसतो. माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट हे ओटीच्या नारळाआधी पिशवीत गेले पाहिजेत. मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं (रक्तगटाच्या या फरकाचा पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून द्यायचं) इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत लागतं. माहेरच्या डॉक्टरांना हे कागदावरूनच कळणार. माहेरी गेल्यावर तिथल्या आशाताईकडे नाव सांगा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती माहेरीही करून घेता येते.

कृष्णाकाठच्या गावांना एक जादा हिशेब करावा लागतो. भिलवडी, ब्रह्मनाळ, औदुंबर या बाजूला तारीख जुलै-ऑगस्टमधली असेल तर सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या कृष्णेच्या पाण्याचा आकडा बघून निघायचं ठरवू नका. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, पण आतल्या गावांचे रस्ते त्याआधीच तुटायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच मिरज-सांगलीतल्या किंवा उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन राहावं. ‘पाणी वाढलं की बघू’ म्हणणाऱ्यांना मग होडीच बघावी लागते.

थोडक्यात काही

मुलगा व्हायचं औषध घेऊ नका. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी बापाच्या बीजानं ठरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात पुडी घेऊन ते बदलत नाही, बाळाला अपाय मात्र होऊ शकतो.

चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, फेकू नका. जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्या. मध, साखरपाणी, घुटी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नकोच. बाळंतिणीला मात्र पाणी कमी देऊ नका. दूध पाजणारीला तहान जास्त लागते. शेगडी दार-खिडकी लावून पेटवू नका. कोंडलेल्या धुरानं आई आणि बाळ दोघांनाही गुदमरायला होतं. डिंकाचे, हळिवाचे लाडू चालतील, पण गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘अंगावर पाजतेय, दिवस कसे जातील?’

जातात. पाजण्याचा आडोसा फक्त तीन अटी एकत्र असतील तेव्हाच मिळतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी अजून सुरू झालेली नाही. यातली एक अट मोडली की भरवसा संपला. आधीच्या बाळंतपणात गेलेलं रक्त भरून यायच्या आत पुन्हा दिवस गेले तर लाल गोळीचं गाडं पहिल्यापासून ओढावं लागतं. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षांचं अंतर हवं. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवून घेता येते. सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे आणि दुधावर तिचा परिणाम होत नाही. पण कळा सुरू झाल्यावर हा विषय कुणी काढत नाही. नवव्या महिन्याच्या तपासणीला नवऱ्यालाही बरोबर न्या आणि तिथंच डॉक्टरांना सांगून कार्डावर लिहून घ्या.