चर्चच्या अंगणात रांगोळी काढताना

पहिली गोष्ट, क्रूस दारात काढू नका. मी काढला होता. ईस्टरच्या पहाटे चर्चच्या पायऱ्यांपुढे, चांगला चार फुटी, जांभळ्या कडेचा. सगळ्यांत आधी आल्या त्या आमच्या मंडळीतल्या एक वयस्क आजी. थबकल्या. "बाई गं, ह्याच्यावर पाय कसा देऊ?" म्हणाल्या आणि काठी टेकत बाजूच्या दाराकडे वळल्या. बाकीचे मात्र सरळ वरून गेले, आणि पाच मिनिटांत माझा क्रूस चपलांना लागून आत पोचला. पुढे वाचनात आलं की हा वाद फार जुना आहे. रोमन बादशहा दुसरा थिओडोसियस याने इ.स. ४२७ मध्ये जमिनीवर ख्रिस्ताचं चिन्ह काढायला कायद्यानेच बंदी केली होती.

बरं, जांभळी कडही चूकच. जांभळा रंग ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा. ईस्टरला पांढरा आणि पिवळा, पेन्टेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला, लाल. चाळीस वर्षं नगरच्या शाळेत चित्रकला शिकवूनही हे मला पाळकांनी, आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, सांगावं लागलं!

आता मी भिंतीलगत, घंटेच्या खाली काढते. जागा झाडून ओल्या फडक्याने पुसायची, दमटपणा जाऊ द्यायचा. गुळगुळीत फरशीवर पूड घसरते, म्हणून गेरूचा हात द्या. पूड शिरगोळ्याची, म्हणजे रांगोळीच्या मऊ पांढऱ्या दगडाचीच घ्या. तांदळाचं पीठ दिसतं छान, पण शनिवारी रात्री काढलं तर उजाडेपर्यंत मुंग्या अर्धं उचलून नेतात. (मुंग्यांना मिळावं म्हणूनच पूर्वी पीठ घालत, हे मान्य. पण ईस्टरला नको.)

क्रुसासाठी आडव्या नऊ ओळी, प्रत्येकीत सात ठिपके, म्हणजे ६३. पहिल्या ओळीच्या तिसऱ्या ठिपक्यावरून सुरुवात करा. पाचव्यापर्यंत आडवी रेघ, तिथून खाली तिसऱ्या ओळीपर्यंत, मग उजवीकडे सातव्या ठिपक्यापर्यंत. खाली पाचव्या ओळीपर्यंत, परत आत पाचव्या ठिपक्याकडे, आणि सरळ खाली नवव्या ओळीपर्यंत. तळाला तिसऱ्या ठिपक्याकडे वळा आणि डावी बाजू तशीच उलटी काढत वर या. खालचा हात वरच्याच्या दुप्पट आला की क्रूस बरोबर. बारा कोपरे येतात. संडे स्कूलची मुलं एकेका कोपऱ्यावर येशूच्या एकेका शिष्याचं नाव घेतात, आणि येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या कोपऱ्यावरून दरवेळी भांडण होतं.

तळाशी कमळ काढलं की कुणीतरी विचारतंच, "हे आपलं का?" केरळातल्या जुन्या दगडी क्रुसांच्या पायथ्याशी कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत, एवढंच मी सांगते. आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी आपल्या चित्रांत येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवली. तेव्हा त्यांनाही लोकांनी बोल लावलेच होते.

मासा सगळ्यांत सोपा. दोन कंस तोंडाशी जुळवायचे आणि शेपटीशी एकमेकांना ओलांडू द्यायचे. ग्रीक भाषेत 'मासा' या शब्दाची पाच अक्षरं म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' यांची आद्याक्षरं. कंस फार फुगवू नका. माझा पहिला मासा पाहून एक पोरगा म्हणाला, "काकू, पापलेट का?" डोळा, खवले काही नको.

खरा वेळ द्यायचा तो द्राक्षवेलीला. माझं माहेर निफाडचं, त्यामुळे बदामाच्या आकाराची पानं काढून तिला द्राक्षवेल म्हटलेलं मला चालत नाही. पान पंजासारखं, पाच टोकांचं, कडा करवतीसारखी. घड पानाच्या बगलेतून कधी निघत नाही, बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटीचा कोंब असतो. घड लागतो त्याच पेरावर, पानाच्या बरोबर समोर. मणी काढायला चिमटीतून पूड सोडत बसू नका. जांभळ्या पुडीची छोटी ढिगोळी टाका, बाटलीच्या बुचाने अलगद दाबा, वरून पांढऱ्याचा एक ठिपका. मणी टपोरा दिसतो. इथे जांभळा चालतो, पाळकांना विचारलंय.

आणि वेलीवर एक छाटलेला खुंट मी काढतेच. एप्रिलमध्ये माहेरी खरडछाटणी चालते, बाग बघवत नाही इतकी बोडकी होते. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात पिता माळी आहे आणि फळ देणाऱ्या फाट्यालाही तो छाटतोच. लहानपणी हा अध्याय ऐकताना मला वडिलांच्या हातातली कात्रीच दिसायची. खुंटाच्या कापाला गेरूचा रंग द्या, टोकाशी पाण्याचा एक थेंब पांढऱ्याने. ताज्या छाटणीला पाणी सुटतं, ते.

सोमवारी रांगोळी केराच्या डब्यात जाऊ देऊ नका. मी मऊ कुंचल्याने सुपात भरते. सगळे रंग मिसळून राखाडी पूड होते, ती डब्यात ठेवते, पुढच्या वर्षी खुंटाची साल काढायला हाच रंग लागतो.