पडवीत बसून ई-पीक पाहणी करू नका

ई-पीक पाहणी म्हणजे आपल्या शेतातलं पीक मोबाईलच्या अ‍ॅपवरून आपणच सातबाऱ्यावर नोंदवायचं. त्याची खरिपाची मुदत साधारण गणपतीच्या आगेमागे संपते. त्या गडबडीत वाडीतली माणसं माझ्याकडे मोबाईल घेऊन येतात आणि म्हणतात, "तेवढं भरून टाक बघू." मी भरून टाकत नाही, त्यांना घेऊन शेतावर जाते. याचा काहींना राग येतो, येऊ दे.

शेजारच्या काकांचं सांगते. त्यांचे जमिनीचे तीन गट: घराजवळचा, वहाळापलीकडचा भाताचा आणि सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळ-माळावरचा, जिथे त्यांची हापूसची कलमं आहेत. पाऊस होता, पायवाट शेवाळलेली. काका पडवीतच बसले आणि मागल्या दारच्या कलमाचे फोटो काढून तिन्ही गट पुरे केले. यादीतून गट निवडताना चूक झाली. कलमं लागली भाताच्या गटावर आणि सडा राहिला पड. नोंद ४८ तासांत स्वतःला दुरुस्त करता येते, पण काकांनी ती उघडून पाहिलीच नाही. पुढे वादळात सड्यावरची नऊ कलमं मुळासकट आडवी झाली. पंचनाम्याला माणूस आला, त्याने सातबारा उघडला, तर बारामध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदीत, पीकच नाही. तालुक्याला चार फेऱ्या मारून नोंद सुधारली, पण तोवर मदतीची यादी पुढे गेली होती. काका त्या पडलेल्या खोडांवर बसून होते, ते मी विसरू शकत नाही. तीस वर्षं वाढवलेली कलमं आणि कागदावर रान!

म्हणून माझी पद्धत अशी. सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, पावसाची उघडीप बघून सकाळी त्या गटात जाऊन उभं राहायचं. लोकेशन चालू करून दोन मिनिटं थांबायचं. गट क्रमांक सातबाऱ्याशी मोठ्याने ताडून बघायचा आणि मगच फोटो. रेंज नसली तरी घाबरू नका. माहिती फोनमध्ये साठते, रस्त्याला आल्यावर अपलोड करा. घरी पोचल्यावर नोंद पुन्हा उघडून बघा. याला अर्धा दिवस जातो. कलम धरायला वर्षानुवर्षं थांबणाऱ्या माणसाला अर्धा दिवस जड का व्हावा?

दुसरी चूक ओटीपीची. कोकणात जमीन सामाईक, सातबाऱ्यावर आठ-दहा नावं आणि निम्मे चाकरमानी. मग नोंदणीला पुतण्याचा मुंबईचा नंबर देतात. तो लोकलमध्ये, ओटीपी त्याच्या फोनवर आणि आपण इकडे वाट बघतोय. जमीन कसणाऱ्या माणसाचाच नंबर द्या, आणि सातबाऱ्याच्या मागे पेनाने लिहून ठेवा. सामाईक खातेदाराला आपल्या वहिवाटीपुरती नोंद करता येते, सगळ्या भावकीला गोळा करावं लागत नाही.

क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. वीस गुंठे म्हणजे ०.२०, नुसते २० लिहिलं तर वीस हेक्टर होतात.

सरकारी संकेतस्थळावरचा फुकटचा सातबारा फक्त बघायला. कार्यालयात द्यायचा तर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढा.

पीएम किसानचे २,००० आले नाहीत म्हणून भांडायला जाण्याआधी आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते पाहा. मुंबईला असताना उघडलेल्या जुन्या खात्यात पैसे जमा झालेले मी दोन घरांत पाहिलेत.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या नावाने आलेली एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाईल कोणीही उघडू नका, अगदी मेहुण्याने पाठवली असली तरी. उघडली गेलीच, तर क्षणभरही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

काकांनी यंदा सड्यावर नवी कलमं लावली. नोंदीला आम्ही दोघं वर गेलो होतो. गट क्रमांक त्यांनीच मोठ्याने वाचला.