लॉ स्कूलच्या वेटलिस्टवर असाल तर मे ते ऑगस्ट काय करायचं

अमेरिकेतल्या लॉ स्कूलचं वेटलिस्टचं ईमेल आलं की आधी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याच ठिकाणी नाव आपोआप यादीत राहत नाही, दिलेल्या मुदतीत होकार कळवावा लागतो. पुढे काय पाठवायचं आणि काय नाही, हेही त्यातच असतं. ‘आणखी कागदपत्रं नकोत’ असं लिहिलं असेल तर खरंच काही पाठवू नका.

मग हातात असलेली जागा पक्की करा. डिपॉझिटची मुदत साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत असते. ते भरल्यानं दुसरीकडच्या वेटलिस्टवरचं नाव जात नाही, त्यामुळे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं काहीच कारण नाही. खरी हालचालही या मुदतींनंतरच सुरू होते. वरच्या कॉलेजनं एकीला बोलावलं की तिची आधीची जागा मोकळी होते, तिथे आणखी कुणी सरकतं, आणि हे वर्ग सुरू होईपर्यंत चालू राहतं. सीईटीच्या कॅप राउंडसारखा इथे बहुतेक ठिकाणी मेरिट नंबर नसतो. जागा रिकामी झाली की वर्गात काय कमी पडतंय ते बघून माणूस निवडला जातो. म्हणून ‘माझा नंबर कितवा’ हे विचारण्यात वेळ घालवू नका.

काय कमी पडतंय याचा अंदाज आकड्यांवरून येतो. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूल दर डिसेंबरमध्ये ‘५०९ रिपोर्ट’ प्रसिद्ध करतं. त्यात आदल्या वर्गाचा एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (पदवीच्या गुणांची सरासरी) यांचा मीडियन, म्हणजे मधला आकडा, असतो. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची पदवी घेऊन अर्ज करणाऱ्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. परदेशी मार्कशीटचं मूल्यमापन होतं, पण त्यातून जीपीएचा आकडा निघत नाही, नुसती श्रेणी मिळते. म्हणजे कॉलेजच्या मीडियनमध्ये मोजला जाणारा तुमचा एकच आकडा उरतो, तो एलसॅटचा. तुमचा स्कोअर मीडियनच्या एक-दोन गुणांनी खाली असेल आणि जूनच्या परीक्षेचा स्कोअर चालतो असं कॉलेजनं सांगितलं असेल, तर परीक्षा पुन्हा द्या. माझ्या मते वेटलिस्टवरच्या उमेदवारानं करण्यासारखी याहून परिणामकारक गोष्ट नाही. मात्र पाच वर्षांत पाच आणि आयुष्यात सात वेळा ही मर्यादा आहे, ती तपासून घ्या. ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेत लॉजिक गेम्सचा (कोड्यांचा) भाग नाही, त्यामुळे जुनी पुस्तकं घेऊन बसू नका.

आता पत्र. याला ‘लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट’ म्हणतात. कॉलेजची परवानगी असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत पाठवा आणि एका पानात संपवा. अर्जानंतर नवं काय घडलं ते लिहा: शेवटच्या सत्राचे गुण, नोकरीतली नवी जबाबदारी, एखादा प्रसिद्ध झालेला लेख. याच कॉलेजात का यायचंय हे तिथल्या एखाद्या क्लिनिकचं (जिथे विद्यार्थी खऱ्या पक्षकारांची कामं करतात) किंवा विषयाचं नाव घेऊन सांगा. आणि ‘प्रवेश दिलात तर मी नक्की येईन’ हे वाक्य एकाच कॉलेजला लिहा, तेही खरं असेल तरच. त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं तरच महिना-दीड महिन्यानं चार ओळी पाठवा.

शिफारसपत्र तुमचं काम जवळून पाहिलेल्या साहेबांचं किंवा सरांचं घ्या. मामांच्या ओळखीतल्या आमदारांचं नको. आईवडिलांनी तिथे फोन करणंही टाळावं, काळजी कितीही खरी असली तरी. बोलायचं ते अर्जदारानंच.

फोन आला की कधीकधी एक-दोन दिवसांतच उत्तर द्यावं लागतं, म्हणून पैशांचं आधीच ठरवून ठेवा. उशिरा आलेल्यांना स्कॉलरशिप बहुधा कमी मिळते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनी लक्षात घ्या, की १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी) कर्ज मिळणार नाही. लॉसाठी उरलेल्या सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आहे. भारतातून जाणाऱ्यांना तर हे सरकारी कर्ज नसतंच. त्यांनी बँकेला आजच विचारावं, की मंजूर कर्जातलं कॉलेजचं नाव बदलायला किती दिवस लागतात.

व्हिसाचं सगळ्यात बिकट. जुलैमध्ये बोलावणं आलं तर नव्या कॉलेजचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) लागतो, आणि व्हिसा अजून झाला नसेल तर बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीखही मिळवावी लागते. आधीच्या कॉलेजवर व्हिसा झाला असेल तर विमानात बसण्याआधी दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून सेव्हिस रेकॉर्ड (अमेरिकी सरकारकडची परदेशी विद्यार्थ्याची नोंद) नव्या कॉलेजकडे हलवून घ्या. जिथे शिकणार नाही त्या कॉलेजच्या आय-२० वर अमेरिकेत शिरू नका. पासपोर्टची मुदत आणि बँकेची कागदपत्रं जूनमध्येच बघून ठेवा.

न्यूयॉर्कची ऑफिसची वेळ म्हणजे उन्हाळ्यात आपली संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. त्या वेळात फोन सायलेंटवर नको, अनोळखी परदेशी नंबर उचला, स्पॅम फोल्डर रोज उघडा. होकार दिलात की तो लेखी पाठवा आणि त्याच दिवशी आधीच्या कॉलेजला नकार कळवून इतर याद्यांवरूनही नाव काढून घ्या. आधी भरलेलं डिपॉझिट बहुतेक वेळा परत मिळत नाही, तेवढे पैसे हिशोबात धरा.