कमी पैशांत चांगला व्हॉइस रेकॉर्डर कसा निवडावा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, गिरणीत काम केलेल्या आजोबांच्या आठवणी असं काही जपून ठेवायचं आहे आणि हाताशी जेमतेम दहा हजार रुपये आहेत. अशा वेळी खोक्यावर ठळक छापलेले जीबी आणि तास यांना अजिबात भुलू नका. मेमरी कार्ड पुढे कधीही घेता येतं, पण खरखरीत किंवा फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही.

आधी काय रेकॉर्ड करणार ते ठरवा. फक्त ऐकून टिपणं काढायची असतील, तर सोनीच्या आयसीडी-पीएक्स४७० सारखा साधा रेकॉर्डर पुरतो. तो दोन बारीक सेलवर चालतो आणि थेट कम्प्युटरला लावता येतो. गाणं, मृदंग किंवा संग्रहात ठेवण्याजोगी मुलाखत असेल, तर झूम एच१एन किंवा टास्कम डीआर-०५एक्स या वर्गातला बघा. नवा परवडत नसेल तर वापरलेला घ्या. यात एक फरक ध्यानात ठेवा. टास्कमच्या या मॉडेलचे माइक चहूबाजूंचा आवाज घेतात, त्यामुळे गोल बसून गाणाऱ्या बायकांसाठी ते छान. एच१एनचा रोख समोर असतो. घरात वर्दळ असताना एकाच माणसाचं बोलणं घ्यायचं असेल तर तो बरा.

मग तीन गोष्टी तपासा. पहिली, वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी) बनते का? १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ स्टिरिओ, म्हणजे सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगला तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर जवळजवळ ५० तास मावतात. तेव्हा जागा वाचवायला एमपी३ वर रेकॉर्ड करण्याचं काही कारण उरत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: आवाजाची पातळी हाताने ठरवता येते का? आपोआप पातळी ठरवणारं यंत्र शांततेत गोंधळतं. आजी ओवीच्या मध्ये श्वास घ्यायला थांबली, की ते आवाज वाढवत नेतं. पंख्याची घरघर वर येते आणि आजीचा पुढचा शब्द एकदम फाटून येतो. पातळी हाताने लावताना सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा (शून्यापुढे आवाज फाटतो). झूमच्या एच१इसेन्शिअलमध्ये ३२ बिट फ्लोट (अगदी हळू आणि अगदी मोठा आवाजही न फाटता साठवणारी पद्धत) असल्याने ही काळजी बरीच कमी होते. बजेट तेवढं ताणता आलं तर जरूर ताणा. बोलणं सुरू झालं की आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणारी सोय मात्र बंदच ठेवा, ती वाक्याचा पहिला शब्द खाते.

तिसरी, हेडफोन लावून ऐकता ऐकता रेकॉर्ड करता येतं का, आणि बाहेरचा माइक जोडायला वेगळी खाच आहे का? मोबाइलसाठी मिळणाऱ्या कॉलर माइकच्या पिनवर बहुधा तीन काळ्या रेघा असतात, रेकॉर्डरला दोन रेघांची पिन लागते. माइक घेताना पिन बघूनच घ्या, किंवा सोबत अडॅप्टर घ्या.

सगळे पैसे यंत्रावर घालवू नका. चांगल्या कंपनीचं कार्ड, रिचार्जेबल सेल, छोटा ट्रायपॉड आणि वाऱ्याचा आवाज अडवायला माइकवर घालायची केसाळ टोपी एवढ्यासाठी बजेटचा पाचवा हिस्सा राखून ठेवा. प्लॅस्टिकचा रेकॉर्डर हातात धरला की बोटांचं घासणंसुद्धा ऐकू येतं. ट्रायपॉड नसेल तर टॉवेलची घडी करून तिच्यावर ठेवा.

आता परीक्षा. दुकानात किंवा परतीची मुदत संपायच्या आत घरी, पंखा बंद करून, एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. मग हातभर अंतरावरून हळू आवाजात बोला. हेच मोबाइलवरही करा आणि दोन्ही हेडफोनवर ऐका. शांततेतला ‘स्स्स’ आवाज रेकॉर्डरमध्ये स्पष्टपणे कमी नसेल, तर तो घेऊ नका. त्याच पैशांत मोबाइलसाठी चांगला माइक घ्या आणि रेकॉर्ड करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका.

वापरलेला घेत असाल तर सेलच्या कप्प्यात गंज किंवा पांढरी पूड नाही ना ते पाहा. हेडफोनची पिन हलवून खरखर येते का ते ऐका. डाव्या आणि उजव्या बाजूने आळीपाळीने बोलून दोन्ही माइक चालू असल्याची खात्री करा.

यंत्र घरी आलं की अंतराचा सराव करा. माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. स्वस्त रेकॉर्डर वीत-दीड वितीवर ठेवला, तर खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या महागड्या रेकॉर्डरपेक्षा चांगला आवाज देतो. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. शेवटी स्टॉपचं बटण दाबल्याशिवाय सेल काढू नका, आणि त्याच दिवशी फाइल दोन ठिकाणी उतरवून घ्या.