सोलर किती बनवतं आणि घर किती खातं, हिशोब असा ठेवा

नवीन सोलर बसवलेल्या जवळपास प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला असतो, की सोलरच्या ॲपमध्ये महिन्याचे ३६० युनिट बनलेले दिसतायत आणि महावितरणच्या बिलात एक्सपोर्ट (म्हणजे ग्रिडला, महावितरणच्या लाईनला दिलेली वीज) फक्त २३०, मग बाकीचे १३० कुणी खाल्ले? तुम्हीच खाल्ले की! दिवसा फ्रीज, पंखे, मिक्सर, पाण्याची मोटर जे काही चालतं ते आधी थेट छतावरच्या विजेवर चालतं आणि उरलेलं तेवढंच मीटरमधून बाहेर जातं. त्यामुळे नेट मीटरला (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज मोजणारा महावितरणचा मीटर) तुमचं सोलर एकूण किती बनवतं हे कळतच नाही, आणि इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) ॲपला घर किती खातं हे कळत नाही (वेगळा स्मार्ट मीटर किंवा सीटी, म्हणजे वायरमधला करंट मोजणारा सेन्सर, बसवला असेल तर कळतं, पण बॅटरी नसलेल्या साध्या ऑनग्रिड सिस्टिमला बहुतेक नसतो).

म्हणून आकडे तीन लागतात. जनरेशन, म्हणजे सोलरने बनवलेली एकूण वीज, इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरून किंवा ॲपवरून घ्या, आणि इम्पोर्ट (महावितरणकडून घेतलेली वीज) व एक्सपोर्ट नेट मीटरवरून. मीटरची स्क्रीन आपोआप बदलत राहते, बटण दाबलं तरी पुढे जाते, त्यात १.८.० कोडसमोर इम्पोर्ट आणि २.८.० समोर एक्सपोर्ट असतं, काही मीटरवर कोड नसतो तर सरळ तसं लिहिलेलं असतं. ॲपमध्ये बघताना किलोवॅटचा आकडा घेऊ नका, तो त्या क्षणाचा असतो, आपल्याला युनिट म्हणजे किलोवॅट-अवर पाहिजेत. आणि शक्यतो आजचे युनिट रोज लिहिण्यापेक्षा एकूण जनरेशनचा आकडा लिहा, म्हणजे मध्ये चार दिवस वायफाय बंद पडलं तरी हिशोब बिघडत नाही.

गणित सोपं आहे. जनरेशनमधून एक्सपोर्ट वजा केलं की घरात थेट वापरलेली सोलर वीज, त्यात इम्पोर्ट मिळवलं की घराचा खरा वापर. समजा जनरेशन ३६०, एक्सपोर्ट २३०, इम्पोर्ट १५०, तर घराने १३० अधिक १५० म्हणजे २८० युनिट वापरले, आणि एक्सपोर्टमधून इम्पोर्ट वजा जाऊन ८० युनिट पुढच्या महिन्यासाठी जमा झाले. हा २८० चा आकडा बिलात कुठेच येत नाही आणि खरा लक्ष ठेवायचा तोच आहे, कारण सोलर आलं की "फुकट आहे ना" म्हणत एसी, गिझर हळूहळू वाढतं आणि वर्षभराने लोक म्हणतात पॅनल कमी बनवायला लागले.

रीडिंग सूर्य मावळल्यावर घ्या, तिन्ही एकाच वेळी. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे, पण बिलाचं रीडिंग ज्या तारखेला होतं त्या दिवशी मात्र नक्की, नाहीतर ॲपचा महिना १ तारखेचा आणि बिलाचा महिना भलतीकडेच, मग काही जुळत नाही. मोबाईलवर फोटो काढून ठेवला आणि सावकाश एक्सेलमध्ये टाकला तरी चालतं.

अजून एक करून बघा. रात्री ११ ला झोपताना इम्पोर्ट रीडिंग, सकाळी ६ ला परत. ७ तासात २.१ युनिट गेले तर सरासरी ३०० वॅट सतत चालू आहे. एसी न लावता एवढं जात असेल तर जुना फ्रीज, सेट टॉप बॉक्स वगैरे एकेक बंद करून बघा.

जनरेशन बरोबर आहे का हे कसं कळणार? आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास, म्हणजे ३ किलोवॅटला १२. पण जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर आलं तरी घाबरू नका, तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर असूनही पॅनल तापल्याने क्षमता थोडी घटते, तेही नॉर्मल आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी ॲपमधला ग्राफ डोंगरासारखा गोल दिसायला हवा, रोज ठराविक वेळेला खड्डा पडत असेल तर सावली आहे (टाकी, शेजारची नवीन बिल्डिंग, नारळ), आणि दुपारी एकदम शून्यावर जाऊन परत वर येत असेल तर लाईट गेली होती किंवा ग्रिडचं व्होल्टेज जास्त होऊन इन्व्हर्टर ट्रिप होतोय म्हणजे आपोआप बंद पडतोय, अलार्मच्या यादीत ते दिसतं. सगळाच ग्राफ हळूहळू खाली आला असेल तर धूळ, सकाळी लवकर पॅनल थंड असताना धुवा.

बिल शून्य युनिटचं आलं तरी स्थिर आकार लागतोच, त्यात सोलरचा दोष नाही.

आता जमा युनिटचं. ते ३१ मार्चपर्यंतच पुढे जातात, नंतर उरलेल्यांचे पैसे मिळतात पण आपण वीज घेतो त्या मानाने दर कमी असतो, आणि मे महिन्यातल्या एसीला ते युनिट वापरता येत नाहीत! म्हणून शीटमध्ये जमा युनिटचा एक कॉलम ठेवा आणि फेब्रुवारीत तो बघा, जास्त साठले असतील तर ते दोन महिने गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक आणि गिझर बिनधास्त चालवा.