सर्व्हे फॉर्मला सीएसएस लावताय? या चुका टाळा

सीएसएस म्हणजे वेबपान कसं दिसावं हे ठरवणारे नियम. दुरुस्तीसाठी माझ्याकडे येणाऱ्या फॉर्ममध्ये वर्षानुवर्षं त्याच चुका सापडतात. सगळ्यात महाग पडणारी आधी सांगतो.

नको असलेला प्रश्न सीएसएसने लपवणं

परळच्या एका सोसायटीत पुनर्विकासाचा सर्व्हे होता. शनिवारी रात्री व्हॉट्सअॅपवर लिंक गेली आणि रविवारी सकाळपासून सेक्रेटरींच्या दारात माणसं. 'सबमिट' दाबलं की काहीच होत नाही. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. एका आजोबांनी तर तीनदा पहिल्यापासून फॉर्म भरला होता.

झालं असं की, कमिटीने आयत्या वेळी पार्किंगचा प्रश्न काढायला सांगितला. फॉर्म करणाऱ्या मुलाने तो काढण्याऐवजी त्याला 'डिस्प्ले नन' हा लपवणारा नियम लावला. प्रश्न दिसेनासा झाला, पण पानावर होता आणि 'रिक्वायर्ड', म्हणजे उत्तर सक्तीचं, असासुद्धा होता. राहिलेलं उत्तर दाखवायला ब्राउझर त्या रकान्याकडे जातो. रकानाच दिसत नसेल तर फॉर्म अडवून गप्प बसतो. तक्रार फक्त कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपरसाठीच्या खिडकीत उमटते, आणि फोनवर कन्सोल कोण उघडणार? प्रश्न सेटिंगमधून काढला, एका मिनिटात फॉर्म जाऊ लागला. पण तोवर किती जणांनी नाद सोडला असेल, याची मला आजही रुखरुख आहे.

प्रश्न असावा की नसावा, हे फॉर्मच्या सेटिंगमध्येच ठरवा. सीएसएस दिसण्यापुरतं. रेडिओ बटणंही अशीच लपवून त्या जागी रंगीत चौकोन ठेवतात. मग कीबोर्डवरून आणि स्क्रीन रीडरने (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) पर्याय निवडताच येत नाही. मी मूळ बटण तसंच ठेवतो आणि 'अॅक्सेंट-कलर'ने रंग देतो.

इंग्रजी टेम्प्लेट मराठीवर जसंच्या तसं चढवणं

इंग्रजी शीर्षकाला शोभणारं 'लेटर-स्पेसिंग' (अक्षरांमधलं अंतर) देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. ते शून्यावर आणा. 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) मी अक्षराच्या आकाराच्या 1.6 पट च्या खाली नेत नाही. बटणाला पक्की 'हाइट' आणि वर 'ओव्हरफ्लो हिडन' (बाहेर जाणारं लपवा) दिलं, की वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. म्हणून 'मिन-हाइट', म्हणजे किमान उंची द्या. माझी चाचणी ठरलेली आहे: प्रत्येक बटणात 'कुर्ला' आणि 'मुलुंड' लिहून बघायचं. दोन्ही नीट वाचता आले तर पुढे जायचं.

बाकीचं थोडक्यात. उत्तराच्या रकान्यात अक्षरं 16 पिक्सेलपेक्षा लहान ठेवलीत, तर आयफोनवर सफारी रकान्याला हात लावताच पान झूम करतं. फिकट राखाडी अक्षरं नकोत. मजकूर आणि पार्श्वभूमीत किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट हवा. कीबोर्डने निवडलेल्या रकान्याभोवतीची कडा काढणारं 'आउटलाइन नन' लिहायचंच असेल, तर त्या वेळी लागू होणाऱ्या 'फोकस-व्हिजिबल'ला ठळक कडा द्या.

'एनथ-चाइल्ड'ने (कितवा आहे त्यावरून) प्रश्न मोजून रंग देऊ नका. मध्ये एक प्रश्न वाढला की रंग भलत्याच प्रश्नाला लागतो. प्रश्नाला स्वतःचा क्लास, म्हणजे नावाची खूण देता येत असेल तर तोच वापरा. आणि नियम लागू होत नाही म्हणून लगेच 'इम्पॉर्टंट' (हाच नियम जबरदस्तीने वरचढ करणारा शब्द) ठोकायची घाई मला अजिबात पटत नाही. ब्राउझरचा इन्स्पेक्टर उघडा, कोणता नियम वरचढ ठरतोय ते बघा. पाच मिनिटं लागतात.

लिंक पाठवण्याआधी मी फॉर्म फोनवर, उन्हात उभा राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः भरतो, आणि माझं उत्तर शीटमध्ये उतरल्याशिवाय ती कोणालाही देत नाही.