वाहते रक्त कसे थांबवावे

जखमेतून रक्त वाहू लागले की ते थांबवण्याचे मुख्य काम शरीरच करते. आपण त्याला तेवढा अवधी मिळवून द्यायचा असतो. कापली गेलेली रक्तवाहिनी प्रथम आकुंचन पावते आणि रक्तपट्टिका, म्हणजे बोलण्यातल्या प्लेटलेट्स, तुटलेल्या कडेला चिकटून तात्पुरते बूच तयार करतात. हे बूच कच्चे असते. त्यानंतर रक्त गोठवणारे घटक एकामागून एक कार्यान्वित होऊन थ्रॉम्बिन नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते, आणि ते रक्तद्रवात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिनच्या न विरघळणाऱ्या धाग्यांत रूपांतर करते. या धाग्यांच्या जाळ्यात पेशी अडकल्या म्हणजे गुठळी पक्की होते.

या सर्व क्रियेला काही मिनिटे लागत असल्यामुळे जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून ती तळहाताने घट्ट दाबावी आणि घड्याळ लावून किमान दहा मिनिटे दाब तसाच ठेवावा. रक्त दुसऱ्याचे असेल तर हातमोजे घालावेत, ते नसल्यास प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच कापड उचलण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही, आणि नेमकी तेव्हाच नुकती जमलेली गुठळी कापडाबरोबर सुटून येते. कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवून दाब वाढवावा. जखमेत काच किंवा धातूचा तुकडा रुतला असेल तर तो उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. घोळणा फुटल्यास डोके मागे न टाकता पुढे झुकवावे, नाहीतर रक्त घशात उतरते. नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यावा.

रक्त उसळून येत असेल किंवा दाब देऊनही थांबत नसेल तर विलंब न लावता रुग्णवाहिका बोलवावी. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि त्याचा मोठा हिस्सा गेल्यास त्वचा फिकट व थंड पडते, नाडी जलद चालते. अशा व्यक्तीला आडवे झोपवावे, तोंडाने काही देऊ नये आणि पांघरूण घालावे, कारण शरीर थंड झाले की रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते.

रुग्णालयात नातेवाईक बहुधा रक्तगट सांगण्याची घाई करतात. तो सांगायला हरकत नाही, परंतु तोंडी माहितीवर किंवा जुन्या कार्डावर विसंबून रक्त चढवले जात नाही. ए, बी, एबी, ओ यांपैकी गट कोणता आणि तांबड्या पेशींवर आरएच घटक (हे एक प्रथिन) आहे की नाही, हे तेथे नव्याने तपासतात व दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहतात. तेवढाही वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह, म्हणजे ओ गटाच्या व आरएच घटक नसलेल्या, तांबड्या पेशी देता येतात. रक्तगटापेक्षा औषधांची माहिती अधिक मोलाची ठरते. अ‍ॅस्पिरिन रक्तपट्टिकांना त्यांच्या उरलेल्या आयुष्यासाठी, म्हणजे सात ते दहा दिवसांपर्यंत, निकामी करते, तर वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेल्या गोठण घटकांची निर्मिती रोखते. म्हणून रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास त्याचे नाव आणि शेवटची गोळी घेतल्याची वेळ, तसेच हिमोफिलियासारखा रक्त नीट न गोठण्याचा आजार असल्यास तोही, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावा.